पत्त्यांची जाडी, लाखेची झिलई : टॅरोपासून सावंतवाडीच्या गंजिफांपर्यंत

निलंगा : पत्ते म्हटले की डोळ्यांसमोर प्रथम चित्र येते. बदामची राणी, इस्पिकचा राजा, चौकटचा गुलाम. परंतु पत्ते हाती धरणाऱ्याला चित्राच्याही आधी जाणवतो तो पानाचा स्पर्श. पान जाड आहे की पातळ, गुळगुळीत आहे की खरबरीत, पिसताना ते पुढच्या पानावरून अलगद सरकते की चिकटून बसते, यावरच डावाची निम्मी गोडी अवलंबून असते. मराठवाड्यात उन्हाळ्याच्या सुटीत ओसरीवर रंगणाऱ्या मेंढीकोटाच्या वा झब्बूच्या डावात हा अनुभव प्रत्येकाने घेतलेला आहे. घामाने व धुळीने पाने चिकटू लागली की घरातील कोणीतरी टाल्कम पावडरचा डबा आणतो, कॅटवर चिमूटभर पावडर भुरभुरतो आणि डाव पुन्हा सुरू होतो. निलंग्यात तर त्याच डावात मध्येच निलंगा राईसची प्लेट येते आणि हळद-तेलाची बोटे ज्या पानाला लागतील ते पान पुढे सर्वांना पाठीवरूनच ओळखू येऊ लागते!

शहरांत गेल्या दोन-अडीच दशकांत टॅरो कार्डांचा प्रसार झाला. वृत्तपत्रांच्या पुरवण्यांमधून टॅरोचे साप्ताहिक भविष्य छापले जाऊ लागले आणि पुस्तकांच्या दुकानांत टॅरोचे संच दिसू लागले. या पानांवरून भविष्य कळते, याला कोणताही शास्त्रीय आधार नाही. तथापि हे संच जमविणाऱ्यांचा एक मोठा वर्ग जगभर आहे आणि त्यांच्यातील अनेकांना भविष्यापेक्षा चित्रांत व कागदात अधिक रस असतो. नवा संच आला की त्यांचा पहिला प्रश्न असतो, ‘कागद कसा आहे?’ हा प्रश्न परदेशी वाटत असला तरी महाराष्ट्राला तो नवा नाही. आपल्याकडे सावंतवाडीत हाताने रंगविलेल्या, लाखेची झिलई दिलेल्या गंजिफा आजही तयार होतात आणि त्यांच्या जाडीचा व झिलईचा प्रश्न टॅरोपेक्षा कितीतरी बिकट आहे.

टॅरो हा मुळात खेळ

टॅरोचा जन्म पंधराव्या शतकातील उत्तर इटलीत झाला आणि तो भविष्यकथनासाठी नव्हे, तर खेळण्यासाठी. ७८ पानांच्या या संचात ५६ पाने चार रंगांची आणि २२ पाने हुकमाची असतात. मिलानच्या व्हिस्कोंती व स्फोर्झा घराण्यांसाठी तयार झालेले सोन्याचा वर्ख लावलेले संच आज संग्रहालयांत आहेत. सुमारे १७ सेंटिमीटर उंच आणि जवळपास ९ सेंटिमीटर रुंद अशी ती पाने जाड पुठ्ठ्याची असून काही पानांच्या वरच्या कडेला टाचणीची छिद्रे आढळतात. म्हणजे केव्हातरी ती भिंतीवर टोचून लावली गेली असावीत. एवढे मोठे व जड पान रोजच्या डावासाठी फारसे सोयीचे नाही, हे हाती न घेताही समजते. टॅरोचा भविष्याशी संबंध जोडला गेला तो अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात, फ्रान्समध्ये. कूर द जेबेलँ या लेखकाने १७८१ मध्ये या पानांचे मूळ प्राचीन इजिप्तमध्ये असल्याचा दावा केला, जो पुढे निराधार ठरला. आज सर्वाधिक परिचित असलेला संच १९०९ मध्ये लंडनच्या विल्यम रायडर अँड सन या प्रकाशनाने काढला. त्याची चित्रे पामेला कोलमन स्मिथ या चित्रकर्तीची.

आता कागदाचे गणित पाहू. छापील पानांसाठी सामान्यतः ३०० ते ३५० जीएसएम, म्हणजे चौरस मीटरला तितके ग्रॅम वजनाचा कागद वापरतात. अशा पानाची जाडी ०.३ मिलिमीटरच्या आसपास भरते. ७८ पानांची चळत सुमारे साडेतेवीस मिलिमीटर होते आणि ती मध्यम आकाराच्या पंजात बसते. हेच पान ०.४५ मिलिमीटरचे केले तर चळत ३५ मिलिमीटरवर जाते. बारा मिलिमीटरचा फरक सांगायला किरकोळ आहे, पण हाताला तो भरपूर जाणवतो. चळत एका हातात मावत नाही, मधून निसटते आणि अखेर दोन भागांत पिसावी लागते. शिवाय पान नुसते जाड होत नाही, ताठही होते. एकाच प्रकारच्या कागदाची जाडी दुप्पट केली तर त्याचा ताठपणा सुमारे आठपट होतो. त्यामुळे जाड पानांचे दोन भाग करून, अंगठ्यांनी वाकवून, फर्रर्र आवाज करीत एकमेकांत मिसळणे अवघड होते. ती हातावरच थोडी थोडी काढून पिसावी लागतात.

याउलट फार पातळ पान वाकते आणि वाकलेलेच राहते. त्याहून मोठा दोष म्हणजे त्यातून उजेड आरपार दिसतो. पत्त्यांच्या चांगल्या कागदात म्हणूनच दोन थर असतात व त्यांच्या मध्ये काळपट, अपारदर्शक चिकटद्रव्याचा पातळ लेप असतो. दिव्यासमोर धरले तरी पलीकडचे चित्र दिसत नाही. कडेने निरखून पाहिल्यास ही काळी रेघ ओळखता येते. नवा कॅट घेताना एवढी एक गोष्ट तपासली तरी कागदाचा दर्जा कळून येतो.

झिलईचा प्रश्न

जाडीपेक्षाही वाद होतो तो झिलईवर. चकचकीत प्लास्टिक लॅमिनेशन दिलेल्या पानांवर रंग खुलून दिसतात, पाण्याचा थेंब पडला तरी पुसता येतो, परंतु ट्यूबलाईटचा झोत नेमका चित्रावर चमकतो. दोन अतिशय गुळगुळीत पृष्ठभाग एकमेकांवर दाबले गेले की मधली हवा निघून जाते आणि पाने चिकटतात. नव्या संचात एकाऐवजी दोन पाने हाती येण्याचे हे नेहमीचे कारण. मॅट झिलईत चमक नसते, चित्र हातचे वाटते, मात्र बोटांचे डाग व ओरखडे लवकर उमटतात. या दोहोंवर जुना उपाय म्हणजे कापडाच्या विणीसारखा उठाव. दाबयंत्रातून काढताना पानावर बारीक खळगे उमटवले जातात, त्यांत हवा राहते आणि एक पान दुसऱ्यावरून तरंगल्याप्रमाणे सरकते. खेळाच्या पत्त्यांसाठी हा उठाव उत्तम होय. टॅरोच्या चित्रांवर मात्र तो अनेकांना खटकतो, कारण तिरप्या उजेडात चेहऱ्यांवर जाळी दिसते.

हवामानाचा परिणाम तर वेगळाच. कागद हवेतील ओलावा शोषतो व सोडतो. पानाच्या दोन्ही बाजूंची झिलई सारखी नसेल तर एक बाजू अधिक आकसते आणि पान होडीसारखे वळते. प्रस्तुत प्रतिनिधीने ऑनलाईन मागविलेला एक टॅरोचा संच एप्रिलमध्ये निलंग्यात पोहोचला, तेव्हा सपाट होता. मेच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत त्याची चळत मधून फुगून उभी राहिली. विक्रेत्याकडे तक्रार केली असता ‘पाने दाबून ठेवावीत’, एवढेच उत्तर आले. दोन जाड शब्दकोशांखाली ती पंधरा दिवस ठेवली. बाहेर काढल्यावर आठवडाभर सरळ राहिली आणि पुन्हा वळली.

गोल पान, चाळीस पाने हातात

या पार्श्वभूमीवर सावंतवाडीच्या गंजिफा पाहिल्या की पूर्वीच्या कारागिरांपुढे किती अडचणी होत्या, हे ध्यानात येते. गंजिफा हा खेळ इराणी परंपरेतून भारतात आला. बाबराने १५२७ मध्ये सिंधमधील शाह हुसेन याला गंजिफा पाठविल्याची नोंद ‘बाबरनाम्या’त आहे. अबुल फजलच्या ‘ऐन-ए-अकबरी’त बारा रंगांच्या १४४ पानांच्या संचाचे वर्णन येते. पुढे आठ रंगांचा ९६ पानांचा मोगली संच रूढ झाला आणि हिंदू दरबारांतून दशावतारी गंजिफा आली. मत्स्यापासून कल्कीपर्यंत दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येक रंगात राजा, प्रधान आणि एक्का ते दश्शी अशी बारा पाने, म्हणजे एकूण १२० पाने. हलक्या पानांवर त्या त्या अवताराचे चिन्ह, मत्स्याला मासा, कूर्माला कासव, परशुरामाला परशू, तितक्या संख्येने काढलेले असते.

हा खेळ सामान्यतः तिघे खेळतात. म्हणजे प्रत्येकाच्या हाती ४० पाने येतात! रमीला तेरा पाने सांभाळताना ज्यांची त्रेधा उडते, त्यांनी या संख्येचा विचार करावा. एक पान अर्धा मिलिमीटर जाड धरले तर ४० पानांची चळत २० मिलिमीटर होते, एक मिलिमीटर धरले तर ४०. पहिली हातात पसरता येते, दुसरी नुसती धरता येते. गंजिफाच्या पानाची जाडी हा येथे केवळ आवडीनिवडीचा मुद्दा राहत नाही, खेळ होणार की नाही हे तिच्यावर ठरते.

पान गोल का, याचाही संबंध हाताशी आहे. चौकोनी पानाचे कोपरे प्रथम मुडपतात व तेथूनच थर सुटू लागतात. हाताने चिकटविलेल्या कागदाला तर कोपरा हा वैरीच. गोल पानाला कोपरा नाही, तळहातात ते नेमके बसते. मात्र हातात पंख्यासारखी पाने धरली असता प्रत्येक पानाची केवळ चंद्रकोरीएवढी कड दिसते. त्या कडेवरूनच पान ओळखायचे असल्याने प्रत्येक अवताराच्या पार्श्वभूमीचा रंग वेगळा ठेवलेला असतो. आपल्या पत्त्यांच्या कोपऱ्यात आकडा व चिन्ह छापलेले असते, त्याचे काम येथे रंग करतो. पिसण्याची पद्धतही निराळी. ताठ, गोल पाने अंगठ्यांनी वाकवता येत नाहीत. ती चादरीवर उपडी पसरून दोन्ही हातांनी घोळवायची आणि मग वाटायची. दिवसा खेळताना रामाच्या रंगाने आणि रात्री कृष्णाच्या रंगाने उतारी करण्याचा संकेत आहे. निम्म्या रंगांत दश्शी भारी, तर निम्म्यांत एक्का भारी, अशी उलटापालट असल्यामुळे स्मरणशक्तीची कसोटी लागते ती वेगळीच.

चिंचोक्याची खळ आणि लाख

पारंपरिक पान असे तयार होते. कागदाचे, काही ठिकाणी कापडाचे, थर चिंचोक्याच्या खळीने एकमेकांवर चिकटवून वाळवतात. त्यावर पांढऱ्या मातीचा वा खडूच्या भुकटीचा डिंकमिश्रित लेप देतात व गुळगुळीत दगडाने घोटतात. घोटाईवर बरेच काही अवलंबून असते, कारण लेप खडबडीत राहिला तर बारीक कुंचल्याची रेघ फुटते. मग गोल कापणी, पार्श्वभूमीचा रंग, त्यावर चित्र, कडेची नक्षी आणि शेवटी लाखेची झिलई. कापडावर लेप देऊन ते लिहिण्या-रंगविण्याजोगे करण्याची रीत देशात ठिकठिकाणी होती. ओडिशातील रघुराजपूरचे पट्टचित्रकार आणि बंगालमधील विष्णुपूरचे कारागीरही गोल पाने करतात. नांदेडहून भोकर-भैंसामार्गे गेल्यास लागणाऱ्या निर्मल येथील नकाश कारागिरांचाही गंजिफा रंगविण्यात हात होता. आज निर्मल म्हटले की आपल्याला लाकडी खेळणी व चित्रे तेवढी आठवतात. (अंबाजोगाईला दासोपंतांची सुमारे ४० फुटी पासोडी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना कापडावरील लिखाण किती शतके टिकते, हे सांगण्याची गरज नाही.)

पानाची पाठ हा या कामातील सर्वांत कडक भाग म्हणावा लागेल. चित्राच्या बाजूला कुंचला थोडा इकडेतिकडे झाला तर ती हाताची खूण म्हणून खपते. पाठीवर लाखेचा एक ओघळ राहिला की ते पान कायमचे उघडे पडले. १२० पाने, सर्वांची पाठ तंतोतंत सारखी, एकही डाग नाही, हे हाताने साधायचे असते. म्हणून गंजिफांची पाठ बहुधा एकाच सपाट रंगाची, नक्षीविना असते. छापखान्यात तयार होणाऱ्या टॅरोच्या पाठीवर वाटेल तितकी गुंतागुंतीची नक्षी काढता येते, कारण यंत्र प्रत्येक पानावर तीच उमटवते.

लाखेचे गुणही कळले पाहिजेत. लाख ही कीटकजन्य नैसर्गिक राळ होय. तिची झिलई प्लास्टिकसारखी थंड लागत नाही, रंगाला खोली देते आणि ओलाव्याला बऱ्यापैकी अडवते. कोकणातील पावसाळ्यात कागदाचे पान टिकविण्यासाठी हा उपाय योग्यच होता. परंतु लाख उष्णतेने मऊ होते आणि कालांतराने ठिसूळ बनते. जोरात वाकविलेल्या पानावर बारीक तडे जातात, पाणी साचून राहिले तर पांढुरका डाग पडतो. थोडक्यात, या पानाला आपटून, वाकवून खेळलेले चालत नाही. पूर्वी राजेरजवाड्यांसाठी हस्तिदंताची, कासवाच्या पाठीची ‘दरबार कलम’ आणि सर्वसामान्यांसाठी कागद-कापडाची ‘बाजार कलम’ असे दोन प्रकार होते. बाजार कलमाची पाने झिजत, फाटत आणि पुन्हा नवी विकत घेतली जात. त्या झिजेवरच कारागिराचे घर चालत असे.

राजवाड्यातील पुनरुज्जीवन

छापील विलायती पत्ते स्वस्त झाले आणि गंजिफा मागे पडली. ५२ पानांचा कॅट किरकोळ पैशांत मिळत असता १२० पाने रंगवून घेणार कोण? सावंतवाडीत ही कला जवळपास संपल्यात जमा होती. १९७०च्या दशकाच्या प्रारंभी संस्थानचे शिवरामराजे भोसले व राणी सत्वशीलादेवी भोसले यांनी वृद्ध कारागीर पुंडलिक चितारी यांच्याकडून ती शिकून घेतली आणि राजवाड्यात कारागिरांना शिकविण्याची व काम देण्याची व्यवस्था उभी केली. मोती तलावाकाठच्या राजवाड्याच्या दरबार हॉलमध्ये जमिनीवर बैठक मारून पाने रंगविणारे कारागीर पाहणे, हा पर्यटकांच्या कार्यक्रमाचा भाग झाला. शिवरामराजे यांचे १९९५ मध्ये व सत्वशीलादेवींचे २०१८ मध्ये निधन झाले. मुंबईत दीर्घकाळ वास्तव्य केलेले जर्मन वंशाचे कलासमीक्षक रुडॉल्फ फॉन लायडन यांनी देशभरातील गंजिफांचा अभ्यास व संग्रह केला आणि १९८२ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाने त्यांचे पुस्तक प्रसिद्ध केले. या विषयावरील तो आजही महत्त्वाचा आधार मानला जातो. सावंतवाडीच्या गंजिफांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले.

मानांकन मिळाले, कारागीर आहेत, मागणीही आहे. मात्र मागणी कशाची आहे, हे पाहिले पाहिजे. बहुतांश ग्राहक गंजिफा घेतो तो भेट म्हणून, दिवाणखान्यात चौकटीत लावण्यासाठी वा रंगीत डबीसह कपाटात ठेवण्यासाठी. ज्याला पान भिंतीवर लावायचे आहे त्याला ते जाड असले तर हवेच असते. झिलई जितकी चकचकीत तितकी त्याला वस्तू मौल्यवान वाटते. कारागीर साहजिकच त्याला हवे तसे पान करणार. चाळीस पाने हातात धरण्याजोगे पातळ, घोटीव, हलक्या झिलईचे पान करण्यात मेहनत अधिक आणि ते ओळखणारा ग्राहक विरळा. व्हिस्कोंती घराण्याच्या पानांना जशी टाचणीची छिद्रे पडली, तोच प्रवास येथेही सुरू झालेला दिसतो.

यावर छापील गंजिफा हा उपाय सुचविला जातो. ०.३ मिलिमीटरचा, उठाव दिलेला कागद, गोल कापणी, परवडणारी किंमत. खेळ शिकण्यासाठी तो निश्चितच उत्तम. ज्याने आयुष्यात कधी गंजिफेचा डाव पाहिला नाही, त्याने हजारो रुपयांचा लाखकामाचा संच पुढ्यात घेऊन दश्शी व एक्क्याचा घोळ सोडवत बसावा, ही अपेक्षाच अवास्तव आहे. परंतु त्यातून कारागिराला काय मिळणार, हा प्रश्न उरतो. भौगोलिक मानांकनाचा १९९९चा कायदा नावाच्या गैरवापराला आळा घालतो. छापील पान ‘सावंतवाडी गंजिफा’ म्हणून हातकामाच्या बरोबरीने विकले जाऊ लागले तर त्या कायद्याचा आधार घ्यावाच लागेल. प्रस्तुत प्रतिनिधीच्या मते छापील संच जरूर निघावेत, त्यांवर ‘छापील’ असा स्पष्ट उल्लेख असावा, आणि चित्रांचा मोबदला मूळ चित्र रेखाटणाऱ्या कारागिराला मिळावा. तसेच हातकामाचा संच घेणाऱ्याने एकदा तरी विचारावे, ‘हा खेळण्याचा आहे की लावण्याचा?’ असे विचारणारे दहा ग्राहक भेटले तरी पान पातळ करण्याला अर्थ प्राप्त होईल.

संच घरी आणल्यावर

टॅरो असो वा गंजिफा, मराठवाड्याच्या हवेत काही पथ्ये पाळावी लागतात. उन्हाळ्यात पारा चाळिशीपार जातो तेव्हा लाखेची पाने प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून ठेवू नयेत, ती एकमेकांना चिकटतात. उन्हात उभ्या केलेल्या बंद मोटारीत तर मुळीच ठेवू नयेत. लाकडी डबीत, पानांच्या मध्ये पातळ कागद घालून ठेवणे उत्तम. ओल्या फडक्याने पुसणे टाळावे, कोरडे मलमलचे कापड पुरेसे आहे. टाल्कम पावडर प्लास्टिक झिलईच्या खेळाच्या पत्त्यांना चालते, मॅट झिलईच्या टॅरोवर मात्र ती खळग्यांत बसून चित्र फिकट दिसू लागते. वळलेली पाने सरळ करण्यासाठी इस्त्री फिरविण्याचा प्रयोग काहीजण करतात, तो करू नये. लॅमिनेशन सुटते आणि लाख असेल तर वितळते. पावसाळा सुरू झाल्यावर, जूनच्या दुसऱ्या पंधरवड्यात, वर उल्लेखिलेला टॅरोचा संच हवेतील ओलावा शोषून आपोआप सपाट झाला.